एकतीस अंश

११ जून

ताई,

हे पत्र पूर्ण वाचलं नाहीस तरी चालेल. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय, म्हणून तो आधीच लिहिते. तुझी पाठ कितव्या वर्षी वाकायला लागली, आणि किती वेगाने वाढत गेली? आकडे असतील तर आकडे कळव. जुना एक्स-रे असेल तर त्यावरचं लिहिलेलं उतरवून पाठव.

पत्ता मामांकडून घेतला. ते द्यायला तयार नव्हते, त्यांना बोल लावू नकोस.

प्रश्न माझ्या मुलीसाठी आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. तेरा वर्षांची आहे. आम्ही तिला ठकी म्हणतो. लहानपणी बाहुलीसारखी गप्प बसायची म्हणून हे नाव पडलं. आता अजिबात गप्प बसत नाही, पण नाव राहिलं.

सुट्टी लागायच्या आधी शाळेत तपासणी झाली. नर्सबाईंनी मुलींना एकेक करून कमरेत वाकायला लावलं, हात सैल सोडून. ठकी वाकली तेव्हा पाठीची उजवी बाजू उचलल्यासारखी वर आली. चिठ्ठी घरी आली: हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

मला चिठ्ठीची गरज नव्हती, ताई. मी शिंपीण आहे. गेल्या वर्षी तिचे शाळेचे कपडे बेतताना स्कर्टचा काठ एका बाजूला उतरत होता आणि उजव्या खांद्याचं पातं कापडातून उठून दिसत होतं. मी काय केलं असेल? काठ अर्धा इंच कमी केला, डाव्या खांद्यात कापसाची पातळ गादी भरली. छान बसलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "फिटिंग इतकं नीट कसं गं येतं तुला?" मी हसले. सहा महिन्यांनी पुन्हा शिवले तेव्हा पाऊण इंच लागला.

आपण दोघी एका खोलीत वाढलो. तशी पाठ मी ओळखत नाही असं कुणाला सांगणार?

काल डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कुणाला असा त्रास आहे? आई, मावशी, आत्या?"

मी म्हटलं, "नाही."

धाकटी

३० जून

ताई,

उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण इथे हे कुणाशी बोलता येत नाही.

एक्स-रे झाला. ठकीच्या कण्याचा बाक एकतीस अंश आहे. डॉक्टरबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील, पण समजावून सांगतात तेव्हा घड्याळाकडे बघत नाहीत. त्यांनी फळीवर फोटो लावला आणि पट्टीने दोन रेघा मारल्या, वरच्या वाकलेल्या मणक्यावरून एक, खालच्यावरून एक. त्या दोन रेघांमधला कोन म्हणजे हा आकडा. दहाच्या आत असेल तर त्याला आजार म्हणतच नाहीत. पंचवीसपर्यंत बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. त्यापुढे आणि मूल अजून वाढत असेल तर ब्रेस, म्हणजे धडाला घट्ट बसणारा प्लास्टिकचा साचा. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेला तर ऑपरेशनचा विचार. कणा नुसता बाजूला वाकत नाही, जिना वळतो तसा वळतोही, म्हणून बरगड्या एका बाजूने वर येतात.

मी विचारलं, "दप्तरामुळे झालं का? ती पलंगावर आडवी पडून वाचते."

"नाही हो."

"बसण्याच्या सवयीमुळे?"

"त्यानेही नाही. दहातल्या आठ मुलांमध्ये आम्हाला कारण सापडतच नाही. घराण्यात चालत येतं कधीकधी. पण कुणाची चूक म्हणून येत नाही."

ताई, आई तुला रोज म्हणायची, नीट बसत नाहीस, म्हणून झालं हे. दाराच्या वरच्या दांड्याला तुला लोंबकळायला लावायची. तेलवाल्या बाईकडे नेऊन पाठ रगडून घ्यायची, तू ओरडायचीस आणि मी बाहेर ओसरीत बसून अंक मोजायचे, किती वेळाने थांबते बघायला. त्यातल्या कशाचाच उपयोग नव्हता. हे मला चाळिसाव्या वर्षी, लाकडी बाकावर बसून, माझ्याहून लहान बाईकडून कळलं.

ब्रेसचं माप झालं. तो बनवणारा माणूस ठकीला उभी करून चारी बाजूंनी यंत्राने मोजत होता. मी त्याच्या हाताकडे बघत होते. कुठे दाबायचं, कुठे जागा सोडायची, सगळं आधी डोक्यात. मी म्हटलं, "तुम्ही प्लास्टिकचे शिंपी." तो म्हणाला, "तुमचं कापड मऊ असतं, गिऱ्हाईक रडत नाही." ठकी तोवर रडली नव्हती. त्याच्या त्या वाक्यावर रडली.

दिवसातले अठरा ते वीस तास घालायचा आहे. आंघोळीला, खेळाला काढायचा. वाढ थांबेपर्यंत. म्हणजे दोन वर्षं, कदाचित जास्त. आणि नीट ऐक, मी दोनदा विचारून घेतलं: ब्रेसने पाठ सरळ होत नाही. बाकाचं वाढणं थांबतं. थांबलं तर.

यांनी विचारलं, "एवढं करून सरळ होणार नाही?" मी म्हटलं, नाही. मग ते बराच वेळ छापखान्याची शाई लागलेली बोटं घासत मोरीपाशी उभे राहिले.

धाकटी

२४ जुलै

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळींचं आहे, तरी रोज वाचते.

तेराव्या वर्षी लक्षात आलं. पंधराव्या वर्षी बेचाळीस. बाविसाव्या वर्षी एक्कावन्न. आता अडुसष्ट. "डॉक्टरांना खरं सांग. बाकीच्यासाठी मला लिहू नकोस."

पहिलं केलं. दुसरं जमत नाहीये, माफ कर.

परवा एकटीच डॉक्टरबाईंकडे गेले. म्हटलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले. माझ्या सख्ख्या बहिणीला आहे." मला वाटलं होतं त्या रागावतील. त्यांनी कागद पुढे ओढला आणि तुझे आकडे एकाखाली एक उतरवून घेतले. म्हणाल्या, "यामुळे उपचार बदलत नाहीत. फक्त सहाऐवजी चार महिन्यांनी फोटो काढू." मी म्हटलं, "बस एवढंच?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय हवं होतं?"

मी उठायला लागले.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या बहिणीची पाठ कोण बघतं? अडुसष्ट म्हणजे बाक बराच मोठा झाला. मोठेपणीही हळूहळू वाढत राहतं. दम लागतो का त्यांना? फुप्फुसांची तपासणी केलीय का?" मला यातलं एकही उत्तर माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "विचारून ठेवा."

तर विचारते. जिने चढताना दम लागतो का तुला? मामा सांगत होते त्या प्रयोगशाळेत कितव्या मजल्यावर काम करतेस? दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकून बसावं लागत असेल ना? उत्तर मला नको देऊस. तिथल्या एखाद्या डॉक्टरांना दे.

ब्रेस आला. आतून मऊ, बाहेरून पांढरा, पाठीमागे तीन पट्टे. तो घालून काढलेल्या फोटोत बाक सतरा दिसला. आम्ही सगळे उड्या मारायला लागलो, तेव्हा डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं की हे घातलेलं असतानाचं आहे, काढल्यावरचं नाही. पण चांगली खूण आहे.

बाजूच्या शिवणी अंगात रुततात म्हणून मी तिच्यासाठी बिनशिवणीच्या बनियन केल्या आहेत. आठ दिवसांत सात फसल्या, आठवी जमली.

धाकटी

९ नोव्हेंबर

ताई,

ब्रेसच्या आत बटणाएवढं एक यंत्र असतं. अंगाची ऊब लागली की तास मोजतं. आम्हाला माहीत होतं. ठकीला माहीत नव्हतं, किंवा विसरली होती.

काल तपासणीला गेलो. डॉक्टरबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. रोजचे सरासरी सात तास. आम्ही अठरा समजत होतो. बाक चौतीस.

घरी येऊन मी विचारलं, "शाळेत कुठे ठेवतेस?"

"चित्रकलेच्या कपाटामागे."

"का?"

"वाकून पेन उचलता येत नाही. मुली टकटक करून बघतात, दार वाजवल्यासारखं. आई, तू घालून बघ एक दिवस."

"तुझ्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी गादी शिवलीस ना खांद्यात? मला सापडली ती. जुन्या गणवेशातून कापूस बाहेर आला. तुला वर्षभर माहीत होतं!"

मग तिने विचारलं, "डॉक्टरांच्या कागदावर मावशी लिहिलंय. कोण मावशी? तू तर म्हणतेस मावशी लांब नोकरीला गेली, तिला यायला वेळ नसतो."

ताई, तिला जे सांगितलं तेच आता तुला सांगते. तुला त्यातलं निम्मंच माहीत आहे.

माझ्या लग्नाच्या दिवशी तुला वरच्या खोलीत बसवलं. पाहुण्यांना सांगितलं, मोठीला ताप आहे. आई वर येऊन तुला म्हणाली, "आजचा दिवस थांब इथेच. सासरची माणसं बघतील आणि घराण्यात आहे म्हणतील. धाकटीचं मोडेल." तू खालचं सगळं ऐकत दिवसभर बसलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन गेलीस. जाताना आईशी बोलली नाहीस. माझ्या डोक्यावरून मात्र हात फिरवलास.

ते आईचे शब्द नव्हते. माझे होते. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मी आईला म्हणाले होते, "ताई खाली आली तर मी लग्नाला उभी राहणार नाही." आई नको म्हणत होती. "पोटची पोर आहे गं ती माझी," म्हणाली. मी रडले, आदळआपट केली, आणि शेवटी ती जिना चढून गेली. मी तिला चढताना पाहिलं.

आईने ते मरेपर्यंत स्वतःवर घेतलं. ती गेली तेव्हा मामांनी तुला कळवलं आणि तू आली नाहीस. लोक तुला नावं ठेवत होते, मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.

यांनाही काल सांगितलं. ते म्हणाले, "मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, असू दे की." आता हे ऐकून मी काय करू?

ठकी सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी पण कुणीतरी असंच म्हणेल." आणि उठून गेली. ब्रेस घातला नाही.

धाकटी

२० जानेवारी

ताई,

तू ठकीला पत्र लिहिलंस. पाकिटावर फक्त तिचं नाव. मी ते उघडलं नाही, उजेडात धरूनही पाहिलं नाही. शप्पथ. चार पानं आहेत एवढं जाडीवरून कळलं.

तिने ते गच्चीवर नेऊन वाचलं. खाली आली, दारातून म्हणाली, "आई, पट्टे आवळ." रोज संध्याकाळी मीच मागे लागायचे, यावेळी तिने सांगितलं. मी आवळले. "अजून एक भोक," म्हणाली.

काय लिहिलंस ते मी विचारलं. ती म्हणाली, "मावशीने सांगितलंय, आईला सांगायचं नाही." तुमचं दोघींचं बरं जमलंय.

एक गोष्ट तिने आपणहून सांगितली. तू लिहिलंस म्हणे की तुला ब्रेस मिळाला असता तर तू तोही कपाटामागे लपवला असतास, त्यामुळे तिला शहाणपण शिकवायचा तुला अधिकार नाही. पण तुझ्या एक्स-रेची प्रत सोबत जोडली आहे, ती बघून तिने काय ते ठरवावं. तो एक्स-रे तिने खोलीत भिंतीला लावला आहे. माझ्या बहिणीचा कणा मी पहिल्यांदा बघितला. मध्ये दोन बरगड्या इतक्या जवळ आल्या आहेत की एकच वाटतात. मी बघत उभी राहिले तेव्हा ठकी म्हणाली, "हृदय बघ, ते बरोबर जागेवर आहे."

शाळेत तिने मग स्वतःच एक केलं. वर्गात उभी राहून म्हणाली, ज्यांना टकटक करायचंय त्यांनी आजच करून घ्या, उद्यापासून बंद. सोळा जणींनी केली. आता कुणी करत नाही.

मला तू काही लिहिलं नाहीस. ते ठीकच आहे. मी लिहीत राहीन. कंटाळा आला तर फाड.

धाकटी

२ मे

ताई,

मधल्या सव्वा वर्षात मी तुला अकरा पत्रं लिहिली आणि ती सगळी तपासण्यांची होती, म्हणून आज नीट लिहिते.

परवा ब्रेस सुटला. कंबरेच्या हाडावरची वाढीची रेघ भरत आली आहे आणि ठकीची उंची आठ महिन्यांत वाढलेली नाही. बाक तेहतीस. सुरुवातीला एकतीस होता, मधल्या त्या लपवाछपवीत चौतीसवर गेला होता, आणि शेवटी तेहतीसवर थांबला. डॉक्टरबाई म्हणाल्या, या आकड्यावर थांबलेला बाक सहसा आयुष्यभर फार त्रास देत नाही. दर वर्षी एकदा दाखवायचं. पोहायचं, धावायचं, काय हवं ते करायचं. मूल होण्यात काही अडचण नाही, हे मी विचारलं नव्हतं, त्यांनीच ठकीला सांगितलं. ठकी म्हणाली, "मला आधी सायकल हवीय."

यांनी पेढे वाटावे तशी छापखान्यात बातमी वाटली. घरी येऊन मात्र विचारलं, "मग ऑपरेशन टळलं म्हणजे नक्की टळलं ना?" मी म्हटलं, नक्की असं डॉक्टर कधी म्हणत नाहीत, पण त्या हसत होत्या.

तिची पाठ सरळ झालेली नाही. वाकली की उजवी बाजू अजून वर येते. पोहण्याच्या कपड्यात दिसतं. तिने मला विचारलं, तू यात काही करू शकतेस का, कापडात. मी म्हटलं, करू शकते, पण करू का? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, नको.

आता मुद्द्याचं. तू ठकीला लिहिलंस की सुट्टीत आठ दिवस ये. मला लिहिलं नाहीस, तिच्याकडून कळलं. मी पाठवते. पण पंधरा वर्षांची पोर एकटी सहा तास बसने, दोनदा गाडी बदलून, मला जमणार नाही. मी सोबत येईन. स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. ठकी उतरेल. मी उतरणार नाही, खिडकीतूनही बघणार नाही. पुढच्या गावी उतरून परत फिरेन. तुला मी दिसणार नाही, एवढी खात्री देते.

१४ तारखेला, सकाळी साडेअकरा. तिच्या बॅगेत तिचे सगळे एक्स-रे आहेत, तिनेच भरलेत. तिला दूध आवडत नाही, आवडतं असं सांगेल.

धाकटी

१९ मे

धाकटे,

तुझी सगळी पत्रं मिळाली. फाडली नाहीत.

ठकी इथे नऊपर्यंत झोपते आणि दूध पिते. तुला चुकीची माहिती आहे. परवा तिला प्रयोगशाळेत नेलं. मी तिसऱ्या मजल्यावर काम करते, तू विचारलं होतंस. दुसऱ्यावर थांबावं लागतं मला. ती पण थांबली, काही न बोलता, जणू तिलाच दम लागलाय. नंतर वर पोचल्यावर म्हणाली, "मावशी, तपासणी करून घे ना." तुझ्या डॉक्टरबाईंचा प्रश्न दोन वर्षं पडून होता, पोरीने एका मजल्यात विचारला. तर काल केली. फुप्फुसं साठ टक्के काम करताहेत. ऑपरेशनबद्दल डॉक्टर बोलले: दोन सळ्या, वीसेक स्क्रू, या वयात धोका जास्त आणि फायदा किती ते सांगता येत नाही. मी अजून ठरवलेलं नाही. श्वासाचे व्यायाम सुरू केले आहेत. ठकी समोर बसून मोजते.

१४ तारखेला मी अकरालाच स्टँडवर आले होते. गाडी आली, ठकी उतरली. तू खरंच उतरली नाहीस. खिडकीचा पातळ पडदा ओढलेला होता आणि पडद्यामागे तुझं डोकं खाली घातलेलं दिसत होतं. मी दहाही मिनिटं तिथेच उभी राहिले. काचेवर थाप मारावी की नाही याचा विचार करत होते. मग गाडी सुटली.

वरच्या खोलीबद्दल. तू लिहिलंस ते वाचून मला पहिल्यांदा आईचा राग येणं बंद झालं, आणि तुझा यायला लागला. सोळा वर्षं चुकीच्या माणसावर रागावले होते. आई मेली तरी गेले नाही. हे तुला माफ करून भरून येणार नाही, आणि मी केलेलं नाही. हा विषय आपण पत्रात बोलू नये. तोंडावर बोलू, भांडू. मला तुझ्यावर नीट ओरडायचंय.

ठकीला न्यायला रविवारी येशील. तू परतीची तिकिटं सकाळच्या गाडीची काढली आहेस असं ती म्हणाली. ती रद्द कर. संध्याकाळची काढ.

आणि यावेळी स्टँडवर उतर.

ताई